शाळेंतील आरोग्य-तपासणी व आपलीं मुलें

(गांवच्या शाळेंत भरलेल्या पालकसभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



खुरपणीचे दिवस आहेत. सुताराचा रंधा थांबला आहे, कुंभाराचें चाक थांबलें आहे, हें मी जाणतों; म्हणून पाल्हाळ लावीत नाहीं. पुढल्या सोमवारीं आपल्या शाळेंत सरकारी आरोग्यखात्याचें पथक मुलें तपासावयास येणार आहे. तें काय करतें, कां करतें, आणि तें निघून गेल्यावर आपण काय करावयाचें असतें, एवढेंच मला सांगावयाचें आहे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. कारण पहिल्या दोन सरकार करतें, तिसरी आपल्यावांचून कोणीहि करूं शकत नाहीं.

आपल्या घरांत आणि आमच्या वर्गांत एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द "मठ्ठ". पोर फळ्यावरचें उतरून घेत नाहीं, तें मठ्ठ. हांक मारली तर ओ देत नाहीं, तें मठ्ठ. दुपारीं वर्गांत पेंगतें, तें मठ्ठ. हा शब्द नुसता मास्तरच उच्चारतात असें नव्हे, बापहि म्हणतो, "गुरुजी, आमच्या डोक्यांत कधीं विद्या नव्हती, त्याच्या कोठून येणार? सातवी झाली कीं रानांत घालूं." शेंकडों वर्षें आम्हांला हेंच सांगण्यांत आलें कीं बुद्धि अमुक जातीच्या घरांतच जन्म घेते, आणि घोंगडें पांघरणाऱ्याच्या वाट्याला कष्ट. तें खोटें पाडण्यासाठीं जोतीरावांनीं हयात घालविली. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं स्पष्ट मांडलें कीं सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थोड्यांना मिळतो. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. दार उघडलें. पण दारांतून आंत आलेल्या पोराला फळा दिसत नसेल, मास्तरांचा शब्द ऐकूं येत नसेल, अंगांत रक्तच नसेल, तर नुसतें दार उघडून काय होणार? ती जुनी खोटी समजूत मग परसदारानें परत घरांत शिरते, आणि या वेळीं तिला बसावयाला पाट आम्हीच मांडतों.

शाळेंतील मुलांस डॉक्टरांनीं तपासावें ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १९०९ सालीं सयाजीराव महाराजांच्या राज्यांत, बडोदें शहरांत, ती प्रथम अमलांत आली. बाकीच्या देशांत मात्र पुढें फारसें घडलें नाहीं; १९४६ सालीं भोर समितीनें लिहिलें कीं शाळांसाठीं आरोग्यसेवा या देशांत जवळजवळ नाहींच. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें, "राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम" सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी आणि पुढील उपचार विनामूल्य, असा त्याचा नियम. अंगणवाडीचें मूल वर्षांतून दोनदां, सरकारी व अनुदानित शाळेंतलें वर्षांतून एकदां तपासलें जावें अशी योजना आहे. पथकांत दोन डॉक्टर, एक पुरुष व एक बाई, एक परिचारिका, आणि एक औषधें देणारा. जन्मापासूनचें व्यंग, चालू आजार, अंगांतली उणीव आणि वाढींतला उशीर, अशा चार बाजूंनीं सुमारें तीस दुखणीं हें पथक शोधतें. फाटका ओठ, वांकडें पाऊल, हृदयाचें छिद्र, बहिरेपणा, फेफरें, किडके दांत, सर्व त्यांत आलें.

हा कोणी आपणांवर उपकार करीत आहे असें समजूं नका. काड्यापेटीपासून डिझेलपर्यंत जें जें आपण विकत घेतों त्यांत कर भरतों, आणि त्या पैशावर ही गाडी चालते. तिच्यापुढें हात जोडून उभें राहण्याचें कारण नाहीं. तिच्याकडे पाठ फिरवून पोराला त्या दिवशीं गुरांमागें पाठविण्याचेंहि कारण नाहीं.

प्रथम डोळ्यांचें सांगतों. माझ्या वर्गांत एका सुताराचा मुलगा होता. बापाशेजारीं बसून लांकडाचीं मापें तोंडीं सांगे, पाढे तर घडाघडा म्हणे. पण फळ्यावरचें उतरून घ्या म्हटलें कीं शेजाऱ्याच्या वहींत डोकावे. आधींच्या शाळेंत त्यापायीं त्यानें मार खाल्लेला. डोळे तपासण्याचा एक तक्ता असतो. त्यावर इंग्रजी "ई" हें अक्षर चारी दिशांना तोंड करून, मोठें आणि मग लहान लहान होत गेलेलें, असें काढलेलें असतें. मुलाला वीस फुटांवर उभें करावयाचें, एक डोळा झांकावयाचा, आणि अक्षराचे दांत कोणीकडे आहेत तें हातानें दाखवावयास सांगावयाचें. अक्षरओळख नसलेलें पोरहि हें करूं शकतें. या मुलाला वरच्या दोन ओळींखेरीज कांहीं दिसेना. चिठ्ठी घेऊन बाप त्याला ग्रामीण रुग्णालयांत घेऊन गेला, नंबर काढला, चष्मा मिळाला. पैसा पडला नाहीं. अंधत्व आटोक्यांत आणण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यांत गरीब विद्यार्थ्यांस चष्मा मोफत देण्याची सोय आहे. परत येतांना एस. टी. च्या थांब्यावर लांबून एक गाडी येतांना दिसली. मुलानें तिची पाटी वाचली आणि म्हणाला, "बा, ही आपली नव्हे. मागची आपली." बापाला वाचतां येत नाहीं. तो पोराच्या तोंडाकडे पाहतच राहिला, असें त्यानेंच मला सांगितलें.

मुलींच्या चष्म्याचें निराळेंच. "चष्म्याच्या पोरीला कोण करील?" म्हणून तो पेटींत पडतो. न दिसल्यामुळें तव्यावर हात भाजून घेणारी सून चालते, आणि चष्मा लावून पोराचा अभ्यास घेणारी चालत नाहीं, हा हिशेब मला तरी सुटत नाहीं.

कानाकडे तर कोणी पाहतच नाहीं. "लहानपणीं सगळ्यांचाच कान फुटतो" म्हणतात, गरम तेल ओततात, लसणाची पाकळी घालतात. कान वर्षानुवर्षें वाहत राहिला तर पडद्याला छिद्र राहून जातें आणि ऐकूं येणें कमी होतें. असें पोर मागच्या बाकावर बसलें कीं मास्तरांचें अर्धें बोलणें त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं; उरलेल्या अर्ध्यावर तें बिचारें परीक्षा देतें. कानांत तेल घालूं नका, पाणी जाऊं देऊं नका. सोमवारीं दाखवा.

आतां दुपारीं पेंगणाऱ्या पोराकडे येऊं. २०१९ ते २०२१ या काळांत केंद्र सरकारनें घरोघर जी पाहणी केली, तींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकीं शंभरांत ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? त्यांत भर जंतांची. एका जातीचा बारीक जंत अनवाणी पायाच्या कातड्यांतून शरीरांत शिरतो, आंतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. उघड्यावरच्या मैल्यांतून त्याचीं अंडीं ओल्या मातींत पडतात, तेथें अळ्या होतात, आणि त्या वाट पाहत बसतात. कोणाची? चिखलांत उभें राहून लावणी करणाऱ्याची, भांगलणाऱ्या बाईची, तिच्या मागें मागें फिरणाऱ्या पोराची. गादीवर बसणाऱ्याशीं या जंताचें फारसें कांहीं वैर नाहीं.

यावर २०१५ पासून वर्षांतून दोनदां, बहुधा फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत, एक ते एकोणीस वर्षांच्या सर्व मुलांस शाळेंत व अंगणवाडींत जंताची गोळी देतात. अल्बेंडाझोल तिचें नांव. ती शाळेंतच, आमच्या डोळ्यांसमोर, चावून खावयाची असते. खिशांत घालून घरीं न्यावयाची नसते. ज्याच्या पोटांत जंत फार, त्याला थोडें मळमळतें, पोटांत दुखतें, आणि लगेच गांवांत आवई उठते कीं शाळेंत पोरांना कांहीं तरी भलतेंच खाऊं घातलें. जंत मरूं लागले म्हणजे तसें होतें. पोराला सावलींत बसवावें, पाणी पाजावें. बहुधा थोड्या वेळांत बरें वाटतें, न वाटलें तर दवाखाना आहे. आजारी पोराला त्या दिवशीं गोळी देत नाहींत, म्हणून घरांत ताप असेल तर आम्हांला सांगत जा.

रक्तवाढीची गोळी आठवड्याला एक : लहान वर्गांस गुलाबी, सहावीपासून पुढें निळी. जेवणानंतर घ्यावयाची. तिनें शौचास काळें होतें. भिण्याचें कारण नाहीं. तिच्यावर लगेच चहा मात्र पिऊं नये, कारण चहा लोह अंगीं लागूं देत नाहीं. आणि आमच्या घरांत तर चहा-बटर हीच पोराची न्याहारी झाली आहे! लिंबू, आंवळा बरोबर असेल तर गोळीचा गुण वाढतो. पण गोळी म्हणजे पेंड झाली, वैरण नव्हे. शाळेंत दुपारचें जें जेवण मिळतें त्याचें सरकारी माप ठरलेलें आहे : पांचवीपर्यंतच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, सहावी ते आठवीस ७०० व २०. वरण पातळ दिसलें तर भांड्यापाशीं येऊन पाहा, डाव हातांत घ्या. तो अधिकार तुमचा आहे.

लशींचें थोडक्यांत. पांचव्या, दहाव्या व सोळाव्या वर्षीं घटसर्प-धनुर्वाताच्या लशी असतात, त्या चुकवूं नका. २०१८ च्या नोव्हेंबरांत गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून दिली तेव्हां मोबाइलवर नाहीं नाहीं त्या अफवा फिरल्या. गोवरानें गेलेल्या पोरांचीं नांवें आपल्या म्हाताऱ्यांना विचारा; मोबाइलला विचारूं नका.

दांतांविषयीं मायबहिणींना एक बोलतों, राग मानूं नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तुम्ही लावतां आणि सात-आठ वर्षांच्या लेकीच्या बोटालाहि लावतां. २००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास बंदी आहे, आणि अठरा वर्षांखालच्यास ती कोठेंच विकतां येत नाहीं. पण घरांतल्या मिश्रीच्या डबीपर्यंत कायद्याचा हात कसा पोंचणार?

आतां मुख्य गोष्ट, चिठ्ठीची. जें दुखणें शाळेंतल्या औषधानें बरें होण्यासारखें नसतें, त्यासाठीं पथक एक चिठ्ठी देतें. मुलाचें नांव, काय आढळलें, आणि कोठें जावयाचें, हें तींत लिहिलेलें असतें : ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचें रुग्णालय, किंवा त्याहून पुढें. तेथें पथकाचें काम संपतें आणि घरचें सुरू होतें. पुष्कळदां तेथेंच सगळें थांबतें. चिठ्ठी देव्हाऱ्याखालीं, तांदळाच्या डब्याखालीं, पत्र्याच्या पेटींत पडून राहते.

एका मुलाची हकीकत सांगतों, नांव सांगत नाहीं. सहावींत होता. घसा वारंवार धरे. मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. आजीनें वात म्हणून तेल चोळलें. देवऋष्यानें अंगारा दिला, कोंबड्याचा खर्च वेगळा. पथकांतल्या डॉक्टरीणबाईंनीं छातीला नळी लावली, आणि बराच वेळ त्या कांहीं बोलल्याच नाहींत. घशाच्या एका साध्या दिसणाऱ्या दुखण्यापासून कांहीं मुलांना हा सांधेताप होतो. सांधे पुढें बरे होतात, पण त्याच तापानें हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि त्या आपोआप सुधारत नाहींत. एका खोलींत आठ माणसें निजतात अशा घरांचें हें दुखणें आहे. त्यावर पेनिसिलीनचें इंजेक्शन दर तीन आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें, न चुकतां घ्यावें लागतें. बाप समजूतदार, चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला गेला, इंजेक्शन सुरू झालें. मग दिवाळी झाली आणि घर ऊसतोडीला निघालें. उचल आधींच खाल्लेली, मुकादम थोडाच थांबतो? कोपीवर असतांना बापानें जवळच्या एका दवाखान्यांत कार्ड दाखविलें. "तुमच्या तालुक्याला जा" असें उत्तर मिळालें. तो पुन्हां विचारावयास गेला नाहीं. पांच महिन्यांनीं तीं माणसें परत आलीं तेव्हां शाळेच्या चार पायऱ्या चढतांना पोरगा मध्येंच थांबत होता. पुढें मोठ्या शहरांत नेऊन झडप बदलावी लागली. आज तो आहे. एका दुकानांत हिशेब लिहितो. जड काम त्याला वर्ज्य आहे, औषध जन्माचें आहे, आणि घरीं तीन एकर रान आहे.

यांत दोष कोणाचा? बापाला एक वांटा द्या. एकदां नकार मिळाला म्हणून माघारी फिरावयाचें नव्हतें. पण मोठा वांटा व्यवस्थेचा आहे. ऊसतोड्याचें पोर एका तालुक्याचें नसतें. तें जेथें जाईल तेथें त्याचें कार्ड चाललें पाहिजे, आणि जेथून गेलें तेथल्या माणसानें तें कोठें गेलें याची चौकशी केली पाहिजे. हें मागणें आपण लावून धरलें पाहिजे. आपल्यासाठीं दुसरें कोणी तें मागणार नाहीं.

चिठ्ठी पडून कां राहते, तें मला ठाऊक आहे. एका दिवसाची मजुरी बुडते. गाडीभाडें लागतें. गुरांकडे कोण पाहणार? आणि पोर तर हुंदडत असतें, मग दुखणें कसलें? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं पळतांना ओठ निळे पडणें, खेळतां खेळतां धापून एकदम उकिडवें बसणें, हींहि हृदयाच्या दुखण्याचीं लक्षणें असतात, आणि तींच पोरें दिवसभर हुंदडतांना दिसतात. बाकीच्या कारणांविषयीं मी एवढेंच म्हणतों कीं मुहूर्त काढावयाला, पूजा घालावयाला, मांडवाला लाउडस्पीकर आणावयाला आपण कर्ज काढतों, तेव्हां मजुरी बुडाल्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं मुंढव्याचें एक आजारी पोर पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यांत पोंचविलें. त्याच सांथींत १० मार्च रोजीं त्या गेल्या. तें पोर त्यांच्या घरचें नव्हतें.

ऑपरेशन म्हटलें कीं रान विकावें लागेल अशी भीति असते. २०१२ सालीं सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवानें चालणारी जन आरोग्य योजना याचसाठीं आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन जावें. योजनेंतल्या रुग्णालयांत "आरोग्यमित्र" नांवाचा माणूस बसतो, प्रथम त्याला गांठावें. कोणी वरखर्च मागितला तर पावती मागावी. पावतीचें नांव काढलें कीं पुष्कळ हात आपोआप आंखडतात.

खात्यालाहि मी सोडीत नाहीं. मीं असेंहि एक पथक पाहिलें आहे कीं ज्यानें दीड तासांत दोनशें मुलें उरकलीं. वजनकांटा गाडींतून उतरलाच नाहीं आणि कागदावर वजनें मात्र चढलीं. म्हणून सोमवारीं आईबापांपैकीं कोणी तरी हजर राहा. कांट्यावर वजन झालें कीं नाहीं, छातीला नळी लागली कीं नाहीं, तक्ता वाचून घेतला कीं नाहीं, हें उभें राहून पाहा. घरीं जें दिसतें तें डॉक्टरांना तोंडानें सांगा. रात्रीचा खोकला, अंगावरचा बधिर चट्टा, मुलीची थकावट, हें दोन मिनिटांत त्यांना कसें कळणार? चांगलें काम करणाऱ्या पथकाला तुमच्या उभें राहण्याचा रागच येत नाहीं, उलट मदत होते.

विचारल्यानें काय होतें याचा दाखला घरचाच आहे. गेल्या वर्षीं पथक जानेवारींत आलें. पटावरचीं पुष्कळ मुलें तेव्हां कोपीवर होतीं. त्यांच्या नांवापुढें "गैरहजर" लिहून गाडी परत गेली. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक असतात, आणि निम्म्या बायका. यंदां त्या समितीनेंच अर्ज केला कीं आमचीं मुलें दिवाळीनंतर गांवांत नसतात, तपासणी त्याआधीं करा. म्हणून पथक आतां, खुरपणींत, येत आहे.

समितीनें आणखी एक ठरविलें आहे. ज्यांना चिठ्ठ्या मिळतील त्यांचीं नांवें एका वहींत लिहावयाचीं, आणि दर महिन्याच्या सभेंत कोण गेलें, कोण राहिलें, काय अडलें, तें विचारावयाचें. लाजविण्यासाठीं नव्हे, सोबत लावून देण्यासाठीं. त्या वहींत गेल्या वर्षींचीं अकरा नांवें आजच लिहिलीं आहेत. त्यांतलीं चार मुलें जाऊन आलीं, सात राहिलीं. त्या सात घरांतलीं माणसें येथें बसलेलीं मला दिसत आहेत. सभा संपल्यावर त्यांनीं थोडें थांबावें, आणि घरीं जाऊन ती चिठ्ठी शोधून आणावी. सांपडली नाहीं तर तसेंच यावें, दुसरी मिळवूं. बुधवारीं सकाळच्या गाडीनें दोघे सभासद ग्रामीण रुग्णालयांत जात आहेत. ज्यांना त्यांच्याबरोबर जावयाचें असेल त्यांनीं मुलाला सकाळीं खाऊं घालून, रेशनकार्ड बरोबर घेऊन, सात वाजतां फांट्यावर यावें.